रिव्हर्सच्या शर्यतीचे शुक्रवारचे टक्के

आमच्या दुकानात काउंटरखाली एक पत्र्याचा डबा आहे. कुठल्या तरी ट्रॅक्टरचे नट, कुणी परत आणून टाकलेले बोल्ट, सगळं त्यात. कामाचं काही नाही, पण फेकवत नाही. शुक्रवारचे किस्से असेच साठत गेलेत. बहुतेक किश्श्यांत गाढव मीच आहे. दुसऱ्या कुणी मीठ-मसाला लावून सांगायच्या आधी मीच सांगून टाकलेलं बरं.

माधवनगरच्या रस्त्याला आमचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. साखर कारखान्यांचे पट्टे पडले, गाळप संपून ऊसवाहतूक थांबली, की ट्रॅक्टर मोकळे होतात आणि गावोगावच्या जत्रांत रिव्हर्सच्या शर्यती लागतात. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली, दोन्ही बाजूंना पिंपं मांडलेली, आणि ड्रायव्हरनं ते सगळं लटांबर उलटं न्यायचं. पिंपाला न लागता ट्रॉली शेवटच्या मातीच्या वरंब्याला टेकली की शिट्टी. ज्याला वेळ कमी लागला तो पहिला. पुढं काय, कुणीही जातं. मागं जाणाऱ्याला बक्षीस देणारा मुलूख आमचाच.

शर्यत रविवारी असते. शुक्रवारी ड्रायव्हर मंडळी सामान न्यायला दुकानात येतात. चहा होतो, आणि कुणाला जिंकायची किती आशा ते मी टक्क्यांत सांगतो. ते मोबाइलवर रेकॉर्ड होऊन ग्रुपवर जातं आणि पार साताऱ्यापर्यंत ऐकलं जातं.

यात अडचण एकच. मला ट्रॅक्टर चालवता येत नाही.

सव्वीस वर्षं पार्ट विकतोय. डोळे बांधून हातात बेअरिंग दिलं तर कुठल्या मॉडेलचं ते सांगतो. पण सीटवर बसून चार फूट गाडी हलवलेली नाही. सुरुवातीला कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. नंतर इतका नावलौकिक झाला की सांगायची सोय राहिली नाही. शेठला क्लच कुठल्या पायाखाली असतो ते माहीत नाही असं एकदा कळलं, की टक्के गेले. टक्के गेले की शुक्रवार गेला, आणि माझं दुकान शुक्रवारवर चालतं.

*

टक्के सुरू झाले ते भीतीपोटी. पहिल्या वर्षी चार ड्रायव्हर एकदमच काउंटरला उभे होते. त्यांतला दाद्या, हा आमच्या भागातला नावाजलेला गडी, म्हणाला, "शेठ, खरं सांगा, कोण मारणार मैदान?"

मी दाद्याला ऐंशी टक्के दिले. दुसऱ्याचं तोंड उतरलं, त्याला सत्तर दिले. तिसऱ्याला साठ. चौथा हातातली फिल्टरची खोकी परत ठेवायला लागला, त्यालाही साठ दिले.

बाकड्यावर एक गुरुजी पेपर वाचत होते. ते म्हणाले, "शेठ, सगळ्यांचे मिळून शंभर व्हायला पाहिजेत. हे दोनशे सत्तर झाले."

मी म्हटलं, "गुरुजी, गिऱ्हाईक चार हायत. शंभरात बसवायला गेलो तर दोन तुटत्यात."

*

माझी एक पद्धत होती. कोण काय सामान नेतो त्यावरून मी तयारी ओळखायचो. एका शुक्रवारी दाद्यानं नवीन क्लच प्लेट, मोठे दोन आरसे, सीटकव्हर आणि पाच आवाजांचा हॉर्न नेला. त्याला मी पंचाण्णव दिले.

त्याच्या मागं हणमंत आप्पा उभे होते. आप्पा लष्करात ड्रायव्हर होते. आता साठीच्या पुढं गेलेत आणि ट्रॅक्टर त्यांच्याहून थोडाच लहान आहे. त्यांनी एक कॉटर पिन नेली. एक. करंगळीएवढी.

ग्रुपवर मी सांगितलं, "आप्पांचा मान मोठा हाय, पण तयारी दिसत न्हाई. दहा टक्के."

रविवारी दाद्या नव्या आरशांत बघत बघत तीन पिंपं घेऊन गेला. आप्पा सीटवर अर्धे वळून बसले, एक हात मडगार्डवर, आणि दुसरे आले. येताना माझ्यासमोर थांबले.

"शेठ, पिन चांगली निगाली."

मी त्यांना पुढच्या वेळीही दहाच दिले. मी तयारीवरून नाही, खरेदीवरून टक्के देत होतो, हे माझं मलाच कळायला आणखी दोन हंगाम लागले.

*

अवघड प्रश्न आला की व्यापाऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं, प्रश्न परत द्यायचा असतो. एक नवा ड्रायव्हर विचारत आला, "शेठ, मागं घेताना ट्रॉली डावीकडं न्यायची झाली, तर स्टिअरिंग कुनीकडं मारावं?"

मी चष्मा काढून पुसला. "तू कुनीकडं मारतोस?"

"उजवीकडं."

"आन ट्रॉली जाती का डावीकडं?"

"जाती की."

"मग मला कशाला इचारतोस?"

तो समाधानानं गेला. मी मात्र दिवसभर बेचैन. डावीकडं जायला उजवीकडं कसं? रात्री जेवण झाल्यावर बेअरिंगची दोन खोकी तारेनं जोडली आणि फरशीवर मागं ढकलून बघत बसलो. खोकं हमखास आडवं व्हायचं. आमची रजिया दारात कधीपासून उभी होती कोण जाणे. तिला सगळं ठाऊक आहे. एवढंच म्हणाली, "पयले सायकल तो सीको."

सायकल शिकायचीही राहून गेलीय. दुकान घरापासून जवळ आहे.

*

वाईला एकदा माइकवर बोलायला बोलावलं. शर्यतीआधी एकेका टीमची ओळख करून द्यायची आणि कोण कुठं कमी पडेल ते सांगायचं. लोणंदच्या टीमची पाळी आली. त्यांचा ड्रायव्हर बबन, त्याला कमी ऐकू येतं, अशी माहिती मला कुणीतरी कानात दिली होती. मी माइकवर सांगितलं, "ड्रायव्हर गुणी हाय, पण मागचा माणूस काय वरडतोय ते त्याला ऐकाय येत न्हाई. हितं लोणंद मार खाणार."

शर्यत लागली. प्रत्येक ट्रॅक्टरमागं पन्नास माणसं पळत होती. कुणी "डावीकडं घे रं" ओरडतोय, कुणी "उजवीकडं", कुणी "थांब की गड्या". ड्रायव्हर बिचारे पन्नास जणांचं ऐकत होते आणि पिंपं पाडत होते. बबन एकटा शांतपणे गेला आणि वरंब्याला टेकला.

बक्षीस घेऊन तो सरळ माझ्याकडं आला. "शेठ, मगाशी माझं नाव घिऊन कायतरी बोलत हुता. मला नीट ऐकू आलं न्हाई."

मी त्याच्या कानाजवळ जाऊन म्हटलं, "लय चांगलं बोलत हुतो."

*

सगळ्यात जवळून वाचलो ते माझ्याच दारात. दाद्या दुकानासमोर ट्रॅक्टर लावून चहाला गेला होता. किल्ली तशीच. मागून माल घेऊन टेंपो आला आणि हॉर्न मारायला लागला. टेंपोवाला म्हणाला, "आवं शेठ, एवढा ट्रॅक्टर मागं घ्या की."

बाकड्यावरची सगळी मंडळी माझ्याकडं बघायला लागली. मी दोन्ही हात मागं बांधले. "दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा न्हाई, हे आमच्या अब्बांचं वचन हाय."

टेंपोवाल्यानं हॉर्न मारायचं बंद केलं. एक म्हातारा तर मान हलवत म्हणाला, "अशी मानसं ऱ्हायली न्हाईत."

अब्बा सायकलींची पंक्चर काढायचे. दिवसभर दुसऱ्याच्याच गाडीला हात लावायचे.

*

आणि मग हे मागच्या हंगामातलं. जत्रेच्या कमिटीचे तात्या दुकानात आले, नारळ काउंटरवर ठेवला. म्हणाले, "शेठ, औंदा फीत-बित कापायची न्हाई. मैदानातली पयली ट्रॉली तुमच्या हातानं मागं जाणार. पिंपं नसत्यात, सरळ जायचं. नुसता मान."

मी म्हटलं, कंबर धरलीय.

"दोन मिनटाचं काम."

मी अब्बांचं वचन काढलं.

"त्ये आमाला म्हाईत हाय. म्हणून गाडीमालकाची परवानगी घिऊनच आलोय. हणमंत आप्पांचा ट्रॅक्टर. आप्पा सोता शेजारी बसणार."

रविवारी सकाळी रजियानं इस्त्रीचा सदरा काढून दिला. तिची ही काळजी करायची पद्धत.

मैदानात माणूस मावत नव्हता. माझेच टक्के लाउडस्पीकरवर वाजत होते. दाद्याला नव्वद, आप्पांना दहा. त्या दहा टक्केवाल्यांच्या ट्रॅक्टरवर मी चढलो. आप्पा मडगार्डवर बसले. इंजिन त्यांनीच सुरू करून ठेवलं होतं. मी डावीकडचं जे दिसलं त्यावर डावा पाय ठेवला. तो एकटा पुरेल असं वाटेना, म्हणून उजवाही त्याच्यावर ठेवला. आप्पांनी गिअर टाकला, वाकून ब्रेकचा खटका काढला आणि म्हणाले, "सावकाश सोडा."

मी काय सोडतोय. दोन्ही पाय दाबले, स्टिअरिंग गच्च धरलं आणि डोळे मिटले.

त्या मैदानाला ओढ्याकडं उतार आहे, आणि क्लच दाबलेला असला की चाकं मोकळी असतात.

ट्रॅक्टर आपला आपण मागं निघाला. ना झटका, ना इंजिनाचा आवाज चढला. लोणी सरकावं तशी ट्रॉली सरळ गेली, अलगद वरंब्याला टेकली आणि शिट्टी झाली. मी डोळे उघडले तर माणसं उभं राहून टाळ्या वाजवत होती. ढोल सुरू झाला. आप्पांनी माझ्या पायांकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. मग गिअर मोकळा केला, ब्रेकचा खटका परत लावला आणि हळूच म्हणाले, "शेठ, काडा आता पाय."

खाली उतरलो तर दाद्या पळत आला. "शेठ, आवाज सुदीक झाला न्हाई. क्लच कवा सोडला?"

मी खरं तेच सांगितलं. "सोडलाच न्हाई."

दाद्यानं दोन्ही कानांना हात लावले.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. दाद्या, बबन, पार कऱ्हाडपासूनचे ड्रायव्हर. रेकॉर्डिंग सुरू करणार, तेवढ्यात हणमंत आप्पा आत आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी एक कॉटर पिन मागितली. मी कागदात गुंडाळून दिली. ती त्यांनी खिशात टाकली आणि तिथंच उभे राहिले.

"शेठ, औंदा आमचं किती टक्के?"

मी म्हटलं, "शंभर."

आप्पा काउंटरवर वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "नव्वद सांगा. शंभर म्हनलं की लोक इचारत्यात, का म्हणून."