चेंबरचा फोन कुणी उचलला नाही

संदेश बुडून मेला नाही.

वर्षभर प्रत्येकजण हेच विचारतोय. "बुडाला ना गं?" नाही. त्याला गोळीही लागली नाही. आज त्याला जाऊन एक वर्ष झालं, आणि आज खरं लिहायचं ठरवलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संदेश म्हणजे आमचा डाइव्हिंगचा सर. राहायला भांडुपला, गाव मालवणजवळ. रविवारी सकाळी मुलुंडच्या पूलमध्ये आम्हा ऑफिसवाल्यांना टाकी पाठीला बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायचा.

सर असला तरी आमच्यात अरे-तुरेच.

डाइव्हला माझा बडीही तोच. बडी म्हणजे पाण्यात ज्याचा जीव तुमच्यावर आणि तुमचा त्याच्यावर.

मी अंधेरीत इन्शुरन्स क्लेम तपासते. समोरचा खोटं बोलतोय हे गृहीत धरायचा पगार मिळतो मला. संदेश म्हणायचा, "अमृता, तू प्रसादाच्या पेढ्यावर पण एक्स्पायरी डेट शोधशील."

डाइव्हिंगची एक रीत आहे. कुणीही, कधीही, "आज नको" म्हणू शकतो. सूट घालून बोटीच्या काठावर बसल्यावरसुद्धा. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही. आणि बडी नको म्हणाला की आपणही उतरायचं नाही.

संदेश ही रीत देवाच्या नेमासारखी पाळायचा. एकदा मालवणला माझा चेहरा बघून त्याने अख्खी बोट परत फिरवली. कुणाला एक शब्द बोलू दिला नाही.

मागच्या वर्षी तांबड्या समुद्राची ट्रिप ठरली. देशाचं नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना नकोय. तिथे गडबड चालू होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"गडबड राजधानीत आहे, आपण बोटीवर," सगळ्यांचं म्हणणं.

मला एकेक गोष्ट खटकत गेली.

ऑपरेटरने पाठवलेले बोटीचे फोटो जुने होते. पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, अशांत भागात कव्हर नाही. बंदर चालू आहे का विचारलं तर उत्तर आलं, 'डोंट वरी, माय फ्रेंड.' डोंट वरी म्हणणाऱ्यावर माझा जन्मात विश्वास बसलेला नाही.

आणि चेंबर.

खोलातून घाईने वर आलं की रक्तात बुडबुडे होतात. त्यावर खरा इलाज एकच, प्रेशर चेंबर. मोठ्या टाकीसारखी खोली असते, त्यात माणसाला तासन् तास ठेवतात. ऑपरेटरच्या मेलमध्ये होतं: चेंबर तीन तासांवर, चालू स्थितीत. खाली फोन नंबर.

मी नंबर लावला. तीनदा.

कुणी उचलला नाही.

स्वतःला सांगितलं, शुक्रवार आहे, तिकडे सुट्टी असते. पण दोन कॉल बुधवारचे होते. आत्ता कॉल लॉग समोर ठेवून लिहितेय.

हे मी संदेशला सांगितलं नाही.

बाकी पाच जणांच्या रजा मंजूर झालेल्या. ग्रुपवर आधीच माझी 'सीबीआय आली' म्हणून खिल्ली उडवलेली. मला लाज वाटली. मी त्याला म्हटलं, "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे रे, मला नाही जमणार."

"आई फर्स्ट, यार! मी दुसरा बडी घेतो. टेन्शन नको घेऊ."

मी भीती वाटते म्हटलं असतं तर तो थांबला असता. रीतच होती ना. मी स्वतःपुरती सुटका करून घेतली आणि त्याला जाऊ दिलं.

एअरपोर्टवरून त्याने माझ्या आईला फोन केला, गुडघा कसा आहे विचारायला. आई म्हणाली, "मला काय झालंय? धडधाकट आहे मी." हे आईने मला दोन दिवसांनी सांगितलं. त्याला कळलं असणार. त्याने मला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचा नवा बडी खोल पाण्यात घाबरला आणि सुसाट वर निघाला. संदेश त्याला धरून ठेवायला मागे गेला, त्याच्याबरोबरच वर आला. तो माणूस वाचला. संदेशचा आधी खांदा दुखला, मग पाय बधिर झाले.

चेंबर कित्येक महिने बंद होतं. स्टाफ पळून गेला होता. दुसरं चेंबर ज्या शहरात होतं, तिथला रस्ता अडवलेला. बोटीवरचा ऑक्सिजन संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

नंतर मी सगळ्यांवर संशय घेतला. ऑपरेटरला माहीत असणारच. परत आलेल्या पाच जणांच्या पाच गोष्टी. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच डिलीट केला. मी प्रत्येकाला उलटसुलट विचारलं, तारखा जुळवल्या, क्लेमची फाइल असावी तसं सगळं तपासलं.

माझा कॉल लॉग तेवढा कुणाला दाखवला नाही.

आज वर्षश्राद्ध होतं. पानं उठल्यावर काकी, म्हणजे संदेशची आई, ओट्यापाशी एकटी सापडली. मी फोन उघडून तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं.

तिने स्क्रीनकडे बघितलं. "फोन कोण उचलना नाय, ह्या तुका म्हायत होता?"

"हो."

"मगे त्येका कित्याक नाय सांगलंस?"

"लाज वाटली, काकी."

तिने हातातलं भांडं पुसून फळीवर ठेवलं. मला वाटलं, आता घराबाहेर काढेल. काढलं असतं तरी चाललं असतं.

मग म्हणाली, "माका सांगान तो येवचो नाय. जे अजून जातत, त्यांका सांग. तुझ्या नावान सांग."

म्हणून सांगतेय.

जायचंच असेल तर चेंबरला स्वतः फोन लावा. पलीकडून माणूस बोलला पाहिजे, मेलवर भागवू नका. आणि नाही बोलला, तर आईच्या गुडघ्यावर ढकलून एकटे घरी बसू नका. हसू देत ग्रुपला. बरोबरच्याला खरं सांगा.

मी सांगितलं नाही. माझं नाव अमृता.

संदेश, जड मनाने निरोप घेते.