मांड्यांनी उचलायचं

मी मुळात आळशी बाई. लग्न होऊन पुनावळ्यात आले त्याला वीस वर्षं झाली, पण सोसायटीच्या बागेत एक फेरी मारली असेल तर शपथ. तीच मी चव्वेचाळिसाव्या वर्षी मोबाइलवर सगळ्यात अवघड व्यायाम शोधत बसले, आणि त्याला कारण माझे सासरे.

आबांना लकवा झाला आणि त्यांची उजवी बाजू गेली. नवरा महाळुंग्याला कंपनीत, पहाटेच बस पकडतो. दिवसभर घरात आम्ही दोघंच. एका दुपारी बाथरूममध्ये ते माझ्या हातातून निसटले. खाली बसले ते बसलेच, मला काही उचलेनात. वॉचमनला बोलावते म्हटलं तर माझा हात घट्ट धरला. "कुनाला हाक मारू नको, पोरी. असा न्हाई बघायचा मला कुनी." मग काय, त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि नवरा शिफ्ट संपवून येईपर्यंत दीड तास सासरा-सून ओल्या फरशीवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी पाणी सोडलं. नवरा घरी आला की संध्याकाळी प्यायचे तेवढंच. मी तांब्या पुढे केला की, "तहान न्हाई." चहासुद्धा नको. मला कळायला तीन दिवस लागले, की सुनेला बाथरूमला न्यावं लागू नये म्हणून हा माणूस कोरडा पडतोय. ओठ फुटले होते त्यांचे. इतका राग आला, त्यांचा आणि माझ्या या पिचक्या दंडांचा, की स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवरा म्हणाला, दिवसभर आबांचं बघायला एखादा माणूस ठेवू. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मोबाइलवर व्यायाम खंडीभर. 'चाळिशीनंतर हलकंफुलकं', 'खुर्चीत बसल्या बसल्या'. ते करून काय चाटायचंय? मला त्यांना उचलायचं होतं, आणि बाथरूमपर्यंतची नऊ पावलं दम न सुटता जायचं होतं. शेवटी एक सापडला. आधी उड्या, लगेच वजन, परत उड्या, असं पाऊण तास. त्यातली पोरगी सुरुवातीलाच बजावत होती, नवख्यांनी हे करू नका. म्हटलं, बाई, हाच.

वजन म्हणजे हॉस्टेलला गेलेल्या लेकीच्या जुन्या दप्तरात दहा किलो गहू. पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला मी सोफ्यावर आडवी. आबा पलंगावरून बघत होते.

"काय चाललंय ह्ये?"

"व्यायाम."

"कशापायी?"

"तुमच्यापायी! पाणी पीत नाही तुम्ही, म्हणून."

फाडकन बोलून गेले खरी, पण मग मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी वाकून दप्तर उचललं आणि पलंगावरून आवाज आला, "अगं ए! कमरंनं काय उचलती? मोडशील. मांड्यांनी उचल. वझं छातीशी धर." उमेदीत चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहिलेला माणूस. त्यांच्यापुढे ती मोबाइलवाली काय टिकणार! मग रोज सकाळी ती गोड हसून आकडे मोजायची आणि हे माझ्यावर खेकसायचे. "आनखी खाली बस. आनखी." दोन महिन्यांत दप्तर वीस किलोचं झालं, माझे गुडघे ठणकायचे थांबले. दिवसाचं पाणी मात्र तसंच बंद.

एका रविवारी नवऱ्याला उचलून बघितलं. "सोड गं बाई, पडेन!" म्हणून ओरडला, पण नऊ पावलं नेला.

सोमवारी तो कामावर गेला आणि मी आबांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मी ऐकलं नाही. गुडघे वाकवले, त्यांना छातीशी धरलं.

"मांड्यांनी," ते माझ्या कानाशी पुटपुटले.

नऊ पावलं गेले, नऊ पावलं आले. त्यांना पलंगावर टेकवलं तेव्हा दम सुटला नव्हता. आबांनी डाव्या हातानं स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"पोरी, तांब्या आन."

घटाघटा प्यायले. हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. मी पुसायला पुढे झाले तर त्यांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आजून एक."