एकच ढीग

शिला राठोडच्या घरची गाय कचरा खाऊन मेली, आणि तो कचरा देवाच्या जेवणाचा होता.

वाघदरी गाव वर, बंजाऱ्यांचा तांडा खाली, आणि गावापासून तांड्यापर्यंत उतरत येणारा ओढा. हनुमान जयंतीला वाघदरीत मारुतीचा भंडारा होतो. गाव जेवतं, तांडा जेवतो, पार पुसेगावकडची पाहुणेमंडळीही जेवून जातात. थर्माकोलच्या पत्रावळ्या, प्लॅस्टिकचे ग्लास, द्रोण. पंगती उठल्या की सगळं ट्रॉलीत भरायचं आणि ओढ्याच्या काठावर ओतायचं. पुढचं काम पाऊस करतो. सगळा ढिगारा वाहत येऊन तांड्याच्या बंधाऱ्याला अडकतो, आणि तिथंच तांड्याची गुरं पाण्यावर येतात. पत्रावळीला भाजीच्या तेलाचा वास असतो. गायीला त्यातलं काय कळणार?

डॉक्टरांनी गायीचं पोट फाडलं तेव्हा आतून घागरीएवढा गोळा निघाला. शिलाचा आजा रामसिंग गायीच्या डोक्याशी बसून होता. शिलाचे आईवडील दर साल ऊसतोडीला जातात. पोरीला आणि गायीला त्यानंच वाढवलं. शिलानं तो गोळा उचलला, उन्हात वाळवला आणि खताच्या रिकाम्या पोत्यात बांधून छपरात टांगला.

"मेल्या गायीच्या पोटातलं सांभाळून राहिली ही," शेजारणी म्हणाल्या. "डोकं फिरलं हिचं."

डोकं फिरल्याचा आरोप शिलाला नवा नव्हता. हिंगोलीच्या आयटीआयमध्ये तिनं वायरमनचा कोर्स केला, तेव्हाही लोक हेच म्हणाले होते. आता ती स्कूटीला टेस्टर-पक्कड लटकवून शेतोशेत फिरते, मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करते. कुणी म्हणालं, "पोरी, डीपीला हात नको लावू, बाईमाणसाचं काम न्हाई ते," तर ती म्हणते, "काका, करंट बाई-बाप्या बघून बसत न्हाई."

गाय गेल्यावर तिनं गावातली दोन पोरं हाताशी धरली. एक हरीश, भंडाऱ्याचे कारभारी अमृतराव यांचा पुतण्या. दुसरी कोमल, पिठाच्या गिरणीवाल्याची. व्हॉट्सॲपवर गट काढला, नाव ठेवलं 'ओढा आपला'. दर रविवारी ओढ्यात उतरून पोती भरायची, फोटो टाकायचे. गावानंही त्यांना नाव दिलं, 'कचरा पार्टी'. पारावरून कुणी ओरडायचं, "ओ कचरा पार्टी, आमच्या घरामागं बी या जरा!" हरीश चिडायचा. कोमल मात्र खरंच त्या घरामागं जाऊन झाडायला लागायची, मग घरवालीलाच लाज वाटायची.

पण वरच्या ढिगातून कचरा उतरत राहायचा, आठवडाभरात ओढा होता तसा. एका रविवारी शिलानं पोतं खाली टाकलं.

"फॉल्ट वर हाय, अन् आपण खाली बसून फ्यूज बदलून राहिलो."

"मग?" हरीशनं विचारलं.

"मग वर जायचं. तुझ्या काकाकडं."

हनुमान जयंती तोंडावर आली होती. पारावर भंडाऱ्याची बैठक बसली. अमृतरावांनी वर्गणीचं, आचाऱ्याचं बोलणं उरकलं. तेवढ्यात शिला पुढं झाली.

"काका, यंदा थर्माकोल नको. माणसांनी ताट-तांब्या घरून आणावा. जेवावं, आपलं आपण धुवावं."

अमृतराव चिडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी पान चघळत तिच्याकडं बघितलं आणि हसले.

"आणू द्या की घरून. आमची ना न्हाई. तांड्याला तर सवयच हाय त्याची!"

पारावरची म्हातारी माणसं खो खो हसली. शिलाही हसली. तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. आपण जिंकलो, एवढंच कळलं होतं.

घरी येऊन तिनं मोठ्या कागदावर रंगानं लिहिलं, 'भंडाऱ्याला या, ताट घरून आणा', आणि आज्याला वाचून दाखवलं. तांड्यात आज्याला दादा म्हणतात.

"ऐकलं का दादा? काही भांडण न्हाई, तंटा न्हाई. अमृतराव काका म्हणले, तांड्याला तर सवयच हाय."

रामसिंग बाजेवर बसला होता. तो उठून उभा राहिला.

"अन् तू काय म्हणली?"

"मी काय म्हणणार? हसले मी बी."

म्हातारा पुन्हा बाजेवर टेकला. बराच वेळ त्यानं पागोट्याचं टोक हातात धरून ठेवलं.

"मी तुझ्याएवढा व्हतो," तो म्हणाला. "गाव पळसाच्या पत्रावळीवर जेवायचं, आमी घरून ताट न्यायचं. आमाला आवतन सगळ्यात शेवटी. पंगत वडाच्या पलीकडं. वाढणारा वरून टाकायचा, ताटाला पळी लागायची न्हाई. ताट गावच्या हिरीवर धुवायचं न्हाई, खरकटं तसंच घरी आणायचं. अन् जिथं बसलो ती जागा शेणानं सारवून मग निघायचं. ती सवय म्हणून राहिला तो."

"दादा, आता तसं न्हाई राहिलं."

"न्हाई? मग ते हसले कशाला?"

शिला हातातल्या कागदाची गुंडाळी करायला लागली.

"थर्माकोल आलं तवा मला लई बरं वाटलं व्हतं," रामसिंग म्हणाला. "पहिल्यांदा अमृतरावाच्या अन् माझ्या पुढ्यात एकसारखं पान. त्या पानानं माझी गाय मारली, ठावं हाय मला. पण ताट काखेत मारून मी त्या गावात जाणार न्हाई. तांड्यातलं कुत्रं बी जाणार न्हाई."

आता शिलाची कोंडी झाली. ताटाचं बोलणं मागं घ्यावं तर थर्माकोल येणार, ओढ्यात उतरणार, उद्या दुसऱ्या कुणाची गाय जाणार. रेटावं तर दादाची मान आपल्याच हातानं खाली. दुसऱ्या दिवशी एका शेतात ती स्टार्टर उघडून बसली, पण लक्ष लागेना. शेवटी तिनं झाकण लावलं, घरी आली, रंगवलेला कागद फाडून चुलीत घातला, छपरातलं पोतं काढलं आणि हरीश-कोमलला घेऊन पारावर गेली.

अमृतराव चार माणसांत बसले होते.

"काका, घरून ताट कुणी आणायचं न्हाई."

"आता काय झालं? काल तर तूच म्हणत व्हतीस."

"काल चुकलं माझं. कुणी काखेत ताट घेऊन येणार न्हाई, गावातलं बी न्हाई, तांड्यातलं बी न्हाई. आदल्या दिवशी आमी घरोघर फिरून ताटं गोळा करतो. गावाची, तांड्याची, सगळी मिळून एकच ढीग. बसल त्याला ढिगातलं हाताला येईल ते ताट."

मग एकजण हळूच म्हणाला, "पण ताटावर नावं असतेत ना बाई."

खरंच होतं. आपल्याकडं भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घेतात. अमक्याच्या लग्नात, तमक्याच्या वास्तुशांतीला, कुणाकडून, सगळं. माणूस विसरतो, ताट विसरत नाही.

"असू द्या नावं," शिला म्हणाली.

"कुणाचं ताट कुणापुढं जाईल!"

"जाऊ द्या की."

अमृतरावांचं हसू गेलं. "त्यापरीस थर्माकोल बरं. कोरं करकरीत, स्वच्छ. कुणाचं उष्टं न्हाई."

शिलानं पोतं पारावर उपडं केलं. वाळलेला गोळा घरंगळत अमृतरावांच्या चपलेपाशी जाऊन थांबला. त्यात पत्रावळीचे पांढरे तुकडे होते, ग्लासाच्या कडा होत्या. वास अजून पुरता गेला नव्हता. माणसांनी नाकाला उपरणी लावली.

"हे तुमचं स्वच्छ," ती म्हणाली. "मागच्या भंडाऱ्याचं. आमच्या गायीच्या पोटातून निघालं. ओळखा, यातलं तुमचं पान कोणतं?"

"हरीश," अमृतराव तिच्याकडं न बघता म्हणाले, "जीप घेऊन सेनगावला जा अन् पत्रावळ्यांचे गठ्ठे आण."

हरीश गेला. दुपारनंतर जीप परत आली. मागं गुळाच्या भेल्या होत्या, डाळ होती, तेलाचे डबे होते.

"गठ्ठे कुठं?"

"न्हाई आणले."

"काहून?"

"दुकानात व्हते, काका. मीच घेतले न्हाई."

अमृतराव पुतण्याला काय काय बोलले ते अख्ख्या गावानं ऐकलं. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं, पण पुन्हा सेनगावला गेला नाही.

आदल्या दिवशी 'कचरा पार्टी' हातगाडा घेऊन निघाली. काही घरांनी दारं लावून घेतली. काहींनी चेपलेली, भोकं पडलेली ताटं काढून दिली. एक आजी म्हणाली, "माज्या माहेरचं हाय, एक जरी हरवलं तरी तुज्या नवऱ्याकडून भरून घीन." कोमल म्हणाली, "मग आधी नवरा बघून द्या, आजी." अमृतरावांच्या दारापुढून हरीश गाडा न थांबवता नेत होता, तेवढ्यात त्याची काकू शकुबाई ताटांचा भारा डोक्यावर घेऊन बाहेर आली. "थांब की मुडद्या," म्हणाली आणि भारा गाड्यात ठेवून आत निघून गेली.

तांड्यात मात्र एकही ताट निघालं नाही. सगळे रामसिंगच्या दाराकडं बघत होते. शिलानं पेटी उघडली. तिच्या आजीची ताटं होती, आजी वारल्यापासून कुणी वापरली नव्हती.

"तिचं ताट कुणापुढं जाईल?" रामसिंगनं विचारलं.

"ठावं न्हाई दादा. कुणापुढं बी जाईल."

"अमृतरावापुढं बी?"

"व्हय. त्याच्यापुढं बी."

म्हाताऱ्यानं वरचं ताट उचलून तिच्या हातात दिलं. "ने," म्हणाला. "अन् धुणार कोण?"

"ज्याचं त्यानं. गावच्या टाकीवर. सगळ्यांनी सारखं."

त्यावर तो नुसताच 'हूं' म्हणाला. पण त्याची ताटं गाड्यात गेलेली बघितली आणि तांड्यातल्या पेट्या एकामागून एक उघडायला लागल्या.

भंडाऱ्याला ढीग वडाखाली लागला. पुरी, बुंदी, वांग्याची भाजी. हरीश डोळे झाकल्यासारखा वरचं ताट उचलून मांडत जात होता. पहिल्या पंगतीला अमृतराव मधोमध बसले. पुढ्यात ताट आलं. त्यांनी कड बोटानं पुसली, वाचलं आणि ताट बाजूला सरकवलं.

"हे बदल."

"ढीग एकच हाय काका," हरीश म्हणाला.

"मला उपास हाय."

"उपास सकाळी जन्म झाला तवाच सुटला की!" पंगतीतून कुणीतरी म्हणालं. "नारळ तुमीच फोडला, अन् पहिलं खोबरं बी तुमीच खाल्लं!"

पंगत हसली. अमृतराव उठले, चपला पायात सरकवल्या आणि घराकडं चालू लागले. ती जागा मोकळी राहिली. शकुबाई बायकांतून आली आणि तिथं बसली. तिनंही ताट वाचलं, 'सौ. रुख्मिणीबाई रामसिंग राठोड'.

"आमच्या घरच्या एका बी ताटावर माजं नाव न्हाई," ती म्हणाली. "हिचं तरी हाय. वाढ रे हरीश."

उन्हं कलली तरी तांडा आला नव्हता. शिला वाढत होती, पण डोळे वाटेकडं. शेवटी पांढरं पागोटं दिसलं. पुढं रामसिंग, मागं सगळा तांडा, सगळ्यांचे हात मोकळे. रामसिंग वडापलीकडं गेला नाही. पंगतीच्या ऐन मधे, अमृतराव उठले होते तिथंच जाऊन बसला. हरीशनं ताट मांडलं. शिलानं वाकून विचारलं, "नाव वाचू का दादा?"

"नको. जेवताना काय वाचायचं?"

तो सावकाश जेवला. दोनदा भाजी मागून घेतली. वाढणाऱ्याची पळी ताटाला लागून वाजली, तेव्हा त्यानं वर बघितलं, एवढंच. जेवणं झाली, माणसं आपापलं ताट घेऊन टाकीकडं निघाली. रामसिंग उठला, धोतर झटकलं आणि ताट तिथंच ठेवून चालू लागला.

"दादा, ताट," शिला म्हणाली. नियम तिचाच होता.

"लई वर्सं धुतलं मी," तो थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आज न्हाई धुणार."

टाकीजवळची माणसं ओली ताटं हातात धरून वळली. शिला ते उष्टं ताट उचलायला वाकली, आणि वाकता वाकता थांबली. सरळ उभी राहिली. हात पाठीमागं बांधले. नियम तिचा होता, तो मोडणाराही तिचाच होता, आणि ती कुणाची माफी मागणार नव्हती.

बऱ्याच वेळानं हरीश आला. त्यानं ताट उचललं, टाकीवर नेलं, राखेनं घासायला लागला. रामसिंग वडाखाली उभा राहून बिडी पेटवत होता. ताट धुऊन ढिगावर पालथं पडेपर्यंत तो तिथून हलला नाही.