ब्राझील, इंडिया आणि कौसाआत्याची खिचडी

मी आत्याशी खोटं बोललो, आणि ती त्या खोट्यावर खूश होऊन गेली.

तिला जाऊन आज वर्ष झालं.

कौसाआत्या. पप्पांची मोठी बहीण. तलवाड्याला शाळेत पोरांची खिचडी शिजवायची.

मी तेव्हा एमए इकॉनॉमिक्सला होतो. प्रोजेक्टचा टॉपिक मला लई भारी वाटायचा. इंडिया आणि ब्राझीलचं फायनल कन्झम्पशन एक्स्पेंडिचर, वीस वर्षांचं कम्पॅरिझन.

म्हणजे देशातली माणसं शेवटी जे वापरतात, त्यावरचा सगळा खर्च. खाणं, कपडे, दवाखाना, शाळा.

भेटेल त्याला ग्राफ दाखवायची सवय होती मला. सुट्टीत गेलतो, तेव्हा तिलाही दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"ही निळी रेघ आपली, हिरवी ब्राझीलची. कोण किती खातंपितं ते कळतं यातून."

ती बघत राहिली.

"आमची खिचडी कुठल्या रेघंत हाय?"

"ती नाहीये त्यात, आत्या. फ्री असते ना. घरचं कोणी विकत घेत नाही."

"कावून न्हाई? पोरं खात न्हाईत का? पातेलं चाटूनपुसून रिकामं करत्यात."

"अगं, पण पैसे सरकारचे..."

"मग सरकारची रेघ काढ की! एवढी इंग्लिश शाळा शिकून तुला खिचडी दिसंना व्हय रं?"

मी हसलो. मग लॅपटॉपकडे बघितलं आणि हसायचं थांबलो.

टायटलमध्ये फायनल कन्झम्पशन लिहिलं होतं, आणि मी फक्त घरांच्या खर्चाचा कॉलम उचलला होता. सरकारचा कॉलम बाजूलाच होता. लिटरली बाजूला.

दोन्ही जोडले. दोन्ही रेघा वर गेल्या. ब्राझीलची जास्त गेली.

"मंजी माझ्यामुळं आपण हरलो?"

"हरलो नाही गं. आत्ता कुठं बरोबर मोजलं."

"तिकडं बी शाळेत जेवण देत्यात?"

"देतात."

"मग शिजवणारी बी आसंल कुणीतरी," ती म्हणाली, आणि परत तांदळात हात घातला.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं. सरकारचा खर्च धरायचं कसं सुचलं? गुड पॉइंट.

मी म्हणालो, "लिटरेचर रिव्ह्यूमधून, सर."

छापलेल्या रिपोर्टच्या आभाराच्या पानावर गाईड होते, लायब्ररी होती, ज्याचा चार्जर वापरला तो रूममेटसुद्धा होता. आत्या नव्हती. खिचडी शिजवणाऱ्या बाईचं नाव तिथं ऑकवर्ड दिसेल, असं वाटलं मला.

संध्याकाळी तिचा फोन.

"माझं नाव घेतलंस का रं?"

"घेतलं ना. पुस्तकात पण छापलंय."

पलीकडे ती खुदकन हसली. मग म्हणाली, "जेवलास का?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. हार्ट. मी पोचलो तेव्हा सगळं उरकत आलं होतं.

आज वर्षश्राद्धाला शाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कौसाबाई पोरांना वाढताना सांगायच्या, आपली खिचडी ब्राझीलसंगं मोजलीय, सांडू नका. त्यांचं नाव छापलेलं ते पुस्तक शाळेला द्याल का? पोरांना दाखवायचंय."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

रिपोर्ट समोर उघडा आहे. नवीन पान प्रिंट करून मधे चिकटवता येईल, कोणाला कळणार पण नाही.

नाही करणार तसं.

आभाराच्या पानावर पेनानेच लिहिलंय: "फायनल कन्झम्पशनमध्ये मी सरकारचा खर्च धरला नव्हता, ही माझी चूक कौसल्याबाईंनी पकडली. त्या तलवाड्याच्या शाळेत स्वयंपाक करायच्या. त्यांचं नाव मी आधी घेतलं नाही."

खाली आजची तारीख टाकली.

उद्या शाळेत जातो. बाईंना हे सगळं तोंडानं सांगतो, मग पुस्तक देतो.

आत्या, माफ कर गं.

तुला मनापासून श्रद्धांजली.