तुतीच्या पाल्यावर दूध

रेशमाच्या खात्यात नोकरी केली की हाताचा तुतीचा वास आणि डोक्यातले किस्से, दोन्ही जात नाहीत. माझे निम्मे किस्से घनसावंगीकडच्या एकाच घरातले आहेत. भगवानअण्णा आणि रुख्माकाकू, नवराबायको.

अण्णा जुने पैलवान. काकूंनी हट्टानं कापूस मोडून तुती लावली, तेव्हा ते म्हणाले, "पहिली बॅच गेली तं तुतीवर नांगर फिरवीन." काकूंनी उलट अळ्यांच्या शेडवर नियम लावला, तंबाखू म्हणजे अळ्यांना विष, तेव्हा ती खाणाऱ्यानं आत यायचं नाही. घरात तंबाखू खाणारे एकटे अण्णाच!

*

पावसाळ्यात ग्रासरी आली. हा विषाणूचा रोग. अळी फुगते, चकाकते आणि पाला सोडून रॅकच्या कडेकडेनं भटकत सुटते. विद्यापीठातल्या एक मॅडम त्यावरच अभ्यास करत होत्या. विषाणू शिरल्यावर अळीच्या स्नायूतलं एक प्रथिन काय करतं, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी आजारी अळ्या हव्या होत्या.

मी त्यांना गावभर फिरवलं. सोयरिकीत आजार लपवावा तसा सगळ्यांनी लपवला. जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवी.

शेवटी रुख्माकाकूंनी एक डबा आणून अण्णांच्या देखत मॅडमच्या हातात दिला. "घ्या. आज सकाळीच येचल्यात." मला नांगराची गोष्ट ठाऊक होती आणि ही त्यांची पहिलीच बॅच, घामच फुटला. अण्णांनी मात्र एवढंच विचारलं की याचं करणार काय. मॅडमनी स्नायू आणि प्रोटीन समजावून सांगितलं. अण्णांचा चेहरा खुलला. अळ्यांच्या निमित्तानं आलेलं कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या विषयावर बोलत होतं.

*

चार दिवसांनी काकूंचा निरोप आला, आजार वाढला. जाऊन बघतो तर शेडमध्ये आंबूस वास आणि पाला चिकट. विचारल्यावर अण्णांनीच सांगितलं, काकू तुती तोडायला गेल्या की ते रोज पाल्यावर म्हशीचं दूध शिंपडत होते! आत जाता यावं म्हणून चार दिवस तंबाखूलाही शिवले नव्हते.

"प्रोटीन कमी पडलं म्हणूनच आजारी पडल्या न्हाई का? मंग दूध न्हाई तं काय द्यावं?"

काकूंना रागवावं की रडावं कळेना. मग आम्ही तिघांनी बसून भटक्या अळ्या वेचल्या, ओला पाला काढला, चुना टाकला. सगळ्यात जास्त अळ्या अण्णांनी वेचल्या, त्या जाडजूड बोटांनी, एकही न चिरडता. मला त्या दिवशी तो माणूस फार आवडला. अर्धी बॅच गेली, अर्धी कोषावर आली. नांगराचं नाव कुणी काढलं नाही.

*

पुढच्या बॅचला मॅडम रिकामा डबा घेऊन पुन्हा आल्या. काकूंनी ऐटीत सगळं शेड दाखवलं. रॅकच्या कडेला एकही भटकी अळी नव्हती. मॅडमना आनंद झाला, पण डब्याकडे बघून त्या जरा हिरमुसल्या.

अण्णांची तंबाखू परत सुरू झाली होती, म्हणून ते दाराबाहेरच उभे होते. मॅडम बाहेर आल्यावर त्यांनी काकूंचा अंदाज घेतला आणि हळूच विचारलं,

"म्याडम, पुढच्या बॅचला थोडं दूध शिंपू का? तुमच्यापुरतं."