विसर्जनाच्या तलावात वडिलांची होडी

“पंखा होडीकडे फिरव रे! मांडव कशाला उडवतोस?” आमच्या मंडळाचा सेक्रेटरी शिडीवरून बोंबलत होता आणि अर्धी काळाचौकी चाळीच्या गॅलरीतून खाली लोंबत होती.

भानगड अशी. रिटायर झाल्यावर वडिलांना गावी जाऊन धरणाच्या पाण्यात गळ टाकायचा होता. धरण केवढं, तर या काठावर शिंकलं की त्या काठावरचा माणूस दुसऱ्या दिवशी रुमाल शोधतो. वारा असा, की म्हशीसुद्धा एकमेकींची शेपटी धरून चालतात. देवळामागे गावतळं होतं, पण वडिलांच्या मते त्यात बेडकांशिवाय कुणाचा वावर नव्हता. तर धरणासाठी म्हणून त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून एक जुनी फायबरची होडी आणली. तळ सपाट, कडा परातीच्या काठाएवढ्या बुटक्या. आईने तिच्याकडे एकदाच पाहिलं.

“ही वाऱ्यात टिकते ते मला दाखवा. मग खुशाल जा.”

आता आमच्याकडे वाऱ्याचा तलाव आणायचा कुठून? पण गणपती तोंडावर आले होते. चाळीसमोरच्या मैदानात विसर्जनाचा कृत्रिम तलाव नुकताच भरला होता, अजून एकही मूर्ती त्यात उतरली नव्हती. मांडवातले पंखे हाताशीच. एकेक असा, की काळाचौकीत वाळत घातलेलं बनियन नायगावात जाऊन वाळावं.

वडील टोपी घालून, गळ धरून ऐटीत बसले. पंखे सुरू झाले. होडी गर्रकन आडवी फिरली आणि पहिल्याच लाटेने वडिलांच्या मांडीवर पाणी ओतलं. लाट कसली, बशीतला चहा हलावा तेवढी.

“यात काय मजा? जरा जोरात हलवा,” वडील म्हणाले.

म्हणून विसर्जनाच्या पथकातले दांडगे गडी कंबरभर पाण्यात उतरले, होडीच्या कडा धरून हलवायला. इथेच घोटाळा झाला. या मंडळींची हयात मूर्ती बुडवण्यात गेलेली. हाताला वजन लागलं, कमरेला पाणी लागलं आणि कुणीतरी सवयीने “गणपती बाप्पा” म्हटलं. “मोरया” म्हणून अख्खी चाळ गरजली. वडीलही गरजले. गड्यांनी रीतीप्रमाणे होडी तीनदा खालीवर केली आणि तिसऱ्यांदा सोडून दिली. शपथेवर सांगतो, गॅलरीतल्या एका आजींनी हात जोडून वडिलांना पुढच्या वर्षी लवकर यायलाही सांगितलं.

वडील पाण्यातून उभे राहिले. टोपी डोक्यावर, गळ हातात. काठावर आई टॉवेल घेऊन तयारच होती.

“हे धरायचं नाही हां,” ते म्हणाले. “होडी बुडाली नाही. यांनी बुडवली.”

आई त्यांची पाठ पुसत म्हणाली,

“मांडीवर पाणी आधीच आलं होतं. गावतळ्यात न्या ती. मी काठावर बसेन.”