रंध्याचा पाट

मोठ्या भावाच्या डाव्या हाताला लकवा मारला आणि वाशीमजवळच्या मालेगावातलं त्याचं सुतारकाम बंद पडलं. चालणं-बोलणं जागेवर आलं. मूठ वळेना. सुतार रंधा मारतो तेव्हा उजवा हात लक्षात येतो. लाकूड डाव्याने धरलेलं असतं, तिकडे कोणी बघत नाही. हत्यारं विकायला काढल्याचं त्याने मला फोनवर सांगितलं. घेणारा तिथल्याच जवळच्या शिरपूरचा एक सुतार, त्याचा जुना दोस्त. तो रविवारी येणार होता.

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी तोवर वाशीमला परतलो होतो. हौस म्हणून रंध्याचे पाट बनवत असे. या वस्तूला आपल्याकडे रूढ नाव नाही. एक जाड फळी, तिच्यावर थोडी कमी रुंदीची दुसरी, आणि वर एक भक्कम आडपट्टी. लाकूड आडपट्टीला टेकवायचं, रंधा खालच्या फळीवर आडवा निजवायचा आणि सरळ ढकलायचा. लाकडाचं टोक नेमकं हव्या त्या कोनात तासून निघतं. लाकूड मुठीत धरावं लागत नाही, नुसतं दाबलं तरी चालतं.

भावासाठी केलेल्या पाटाला मी जुना साग वापरला, आडपट्टीला बाभूळ. दोन्हींच्या मधे शिसवाची काळी पट्टी बसवली. तिची गरज नव्हती. दिसायला चांगली दिसत होती. तसबिरीच्या चौकटीचे कोपरे करता यावेत म्हणून आडपट्टी पंचेचाळीस अंशांत तिरकी ठेवली. अशा कोपऱ्यात दोन टोकं एकमेकांना भिडतात, त्यामुळे कोनातली चूक दुप्पट होऊन दिसते. दोन तुकडे तासून, जोडून, काटकोन तपासायचा गुण्या लावला. फट दिसली नाही. मग तेल चोळलं.

रविवारी सकाळी पाट घेऊन गेलो. भावाने तो मांडीवर उलटापालटा करून पाहिला.

"जेवाले बसाचा हाये का?"

"रंध्याचा हाये, दादा."

वहिनी चहा घेऊन आल्या. "लय साजरा झाला. याच्यावर तं पाव्हणे बसवावं."

मी कसा वापरायचा ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पाट पुसला आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीशी उभा केला.

"राहू दे तिथंच. इतक्या चांगल्या लाकडाले खराब कायले करू?"

हत्यारं अंगणात पोत्यावर मांडलेली होती. शिरपूरचा मित्र आला तो मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच बोलू लागला. "काय गा मिस्त्री, झाली का बांधाबांध?" मग उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे बघून, "अन् हा पाट कोनाचा? नवरदेवाचा?"

"माह्या भावानं बनवला. म्हने, एका हातानं रंधा मारता येते."

"एका हातानं? मंग आमी काय दुसरा हात नुसता बिडीसाठी ठेवला काय?"

भाऊ उठला. पाट बाहेर आणून त्याने अंगणातल्या टेबलावर टेकवला. लोखंडी रंधा उचलला, सागाची एक पट्टी आडपट्टीशी ठेवली, डाव्या कोपराचा भार तिच्यावर टाकला आणि रंधा ढकलला. पट्टी सरकली. टोक तुटकं निघालं. पुन्हा केलं, पुन्हा सरकली. मित्र पोत्यावरच्या करवती बघू लागला. चेष्टा थांबली याचाच भावाला राग आलेला दिसला.

माझी चूक मला तेव्हा कळली. बाभळीची पट्टी मी आरशासारखी गुळगुळीत केली होती, वरून तेल. तिरक्या आडपट्टीवर लाकूड घसरणारच. घरी तासून बघताना मी ते नकळत मुठीत आवळून धरलं होतं.

भावाला ती चूक माझ्या आधी कळली असावी. "पॉलिशपेपर आन," तो वहिनींना म्हणाला. "खरबरीत." आडपट्टीवरचं तेल त्याने खरवडून काढलं, कागदाची पट्टी फाडून तिच्यावर चिकटवली, गोंद सुकेपर्यंत मित्राशी सोयाबीनबद्दल बोलला. मग लाकूड टेकवलं आणि कोपर दाबला. या वेळी ते हललं नाही. पहिल्या काही फेऱ्यांत रंध्याच्या पात्याने पाटाची स्वतःची कडही सोलली, शिसवाची काळी पट्टी थोडी गेली. ते तसंच व्हायचं असतं, दर नव्या रंध्याला पाटाची कड अशीच जुळते. त्यानंतर टोकावरून पातळ, अखंड छिलका निघाला. दुसरी पट्टी तासून त्याने कोपरा जुळवला आणि उन्हाकडे धरला.

मित्राने तो हातात घेतला, डोळ्याजवळ नेला. "बरा हाये," तो म्हणाला. "म्हंजे मले हात हलवत जा लागते."

"रंधे राहू दे. करवती घेऊन जाय. त्या मले आता होत नाही."

"अन् दरवाजे?"

"दरवाजे तू कर. लाकूड मी आरा मशीनवरून कापून आनीन. फोटोच्या चौकटी करीन."

मित्राने करवती पोत्यात गुंडाळल्या. बांधताना दोरीचं एक टोक भावाने उजव्या हाताने धरून ठेवलं.